फुकट आलेला वॉशर

मुकुंदराव डोणगावकरांच्या घरी एक वॉशर आला आणि त्यांच्या जिवाचा थरकाप उडाला.

वॉशर म्हणजे नळात बसतो तो. रबराचा, करंगळीच्या नखाएवढा. तो पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला. खोक्यात कागदाचे बोळे, बोळ्यांमध्ये हवा भरलेली पिशवी, तिच्या आत आणखी एक पिशवी आणि त्या पिशवीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेला वॉशर. अनसूयाबाईंनी तो मोबाइलवरून मागवला होता. ज्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, त्याला गळायची एवढी हौस का असावी हा प्रश्न निराळा. पण येतं त्या दिवशी थेंब वाया जाऊ नये, हा अनसूयाबाईंचा मुद्दा होता आणि त्या उन्हाळ्यात तो मुद्दा खोडून काढायची शहरात कुणाची छाती नव्हती.

"पोचवायचे किती घेतले?" मुकुंदरावांनी विचारलं.

"काही नाही. फुकट."

"फुकट? एवढ्या लांबून गाडी आली, जिने चढून माणूस वर आला, आणि फुकट?"

"माणूस नाही, ती पार्सलवाली मोनिका आली होती. आणि अहो, मी काय तिचा हात धरून फुकट मागितलं? त्यांनीच लिहिलंय तसं."

मुकुंदरावांनी वॉशर तळहातावर घेतला आणि ते खुर्चीत बसले. त्यांचा सगळा जन्म एसटीच्या विभागीय कार्यालयात, वाहतूक शाखेत गेला होता. तिथे ते एकच गोष्ट शिकले आणि ती पक्की शिकले: चाक फिरलं की खर्च झाला. तो कुणी तरी भरतो. प्रवासी भरतो, नाहीतर सरकार भरतं, नाहीतर कर्मचाऱ्यांचा पगार लांबतो. फुकट फिरणारं चाक त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, भरेल कुणी तरी, आपल्याला काय त्याचं? इतर कुणाला नसेलही, पण मुकुंदरावांना होतं. त्या चाकाचा धनी त्यांचा मुलगा होता.

श्रीरंग बरीच वर्षं पुण्यात नोकरीला होता. गेल्या दसऱ्याला त्याच्या कंपनीने चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये नवं हब उघडलं आणि श्रीरंगला तिथला प्रमुख करून पाठवलं. हब म्हणजे पार्सलांचा डेपो, असं मुकुंदरावांनी स्वतःपुरतं भाषांतर करून घेतलं होतं. मुलगा घरी आला. सकाळी न्हाणीघरातून त्याचं बेसूर गाणं ऐकू येऊ लागलं, अनसूयाबाई पुन्हा वरणाला लसणाची फोडणी देऊ लागल्या, आणि मुकुंदराव जेवताना मोठ्याने बोलू लागले. पण मार्चमध्ये एकदा भाजीत लिंबू पिळता पिळता श्रीरंग सहज म्हणाला, "जूनमध्ये पाहणी आहे. खर्चाचा मेळ बसला नाही तर हे हब जालन्याच्या हबला जोडतील आणि मला परत पुण्याला."

श्रीरंग ते बोलून विसरला. मुकुंदरावांच्या पोटात मात्र ते वाक्य जाऊन बसलं आणि तिथेच राहिलं. दाराची बेल वाजली की ते हातातलं टाकून उठत. समोर मोनिका उभी असे, हातात एवढंसं पाकीट. कुणाचं कापराचं, कुणाचं केसांच्या पिनांचं. मुकुंदरावांना त्या प्रत्येक पाकिटात श्रीरंगचं पुण्याचं तिकीट दिसे.

त्यांनी एकदा धीर करून मुलाला विचारलंही, "का रे, इतक्या बारक्या वस्तूला फुकट पोचवणं परवडतं कसं?"

श्रीरंगचा एक कान फोनला होता. तो म्हणाला, "बाबा, ते वरचे बघतात."

झालं. एसटीत 'वरचे बघतात' हे शब्द ज्या गोष्टीबद्दल उच्चारले जात, ती गोष्ट कुणीच बघत नसे. मुकुंदरावांची उरलीसुरली आशाही संपली.

सल्ला मागायला ते खालच्या मजल्यावर पुंजाराम गावंड्यांकडे गेले. पुंजाराम सोसायटीचे अध्यक्ष. सोसायटीचं नाव नीलसरोवर. बिल्डरने जाहिरातीच्या कागदावर मधोमध एक निळं तळं काढलं होतं, हंसासकट. त्या जागी आता टँकरचं पाणी साठवायची टाकी होती. इमारत उभी राहण्याआधी इथे पुंजारामांची बाजरी होती. जमिनीच्या बदल्यात त्यांना चार फ्लॅट मिळाले होते आणि प्रत्येक विषयावर मत द्यायचा हक्क.

"साहेब, हे सगळं जाळं हाय," पुंजाराम म्हणाले. "आधी फुकट आणून द्यायचं. माणसाला सवय लावायची. कोपऱ्यावरलं दुकान बंद पडलं की मंग मानगूट धरायची. आन् आपली सगळी म्हाईती असती त्यांच्यापशी. आपून काय खातो, काय पितो, कवा झोपतो. लई बेकार काम हाय."

"पण मग कंपनीचं नुकसान नाही होत?"

"होऊ द्या की! आपल्याला काय करायचंय?"

मुकुंदरावांना काय करायचं होतं ते त्यांना सांगता येईना. 'माझा मुलगा परत जाईल, म्हणून मला भीती वाटते' हे वाक्य मध्यमवर्गीय माणसाला शेजाऱ्यासमोर बोलता येत नाही. तो त्याऐवजी देशाच्या अर्थव्यवस्थेवर बोलतो. मुकुंदराव बराच वेळ अर्थव्यवस्थेवर बोलले.

इतक्यात बेल वाजली आणि पुंजारामांच्या पत्नी द्वारकाबाई लगबगीने दाराकडे गेल्या. मोनिकाने त्यांच्या हातात एक पाकीट ठेवलं. आत दाभण होती. कालच्या पाकिटात सुतळी होती. "दोन्ही संगं कामून नाय मागवलं?" असं मोनिकाने विचारलं, तेव्हा द्वारकाबाई हसून म्हणाल्या, "मंग तू आज कशाला आली असती?" त्यांनी तिला बसवलं, माठातलं पाणी दिलं, तिच्या सासूची चौकशी केली. मुकुंदराव डोळे विस्फारून दाभणीकडे पाहत होते. हे असंच चाललं तर हब जूनपर्यंतही टिकत नाही, अशी त्यांची खात्री झाली.

डोणगावकरांच्या घराण्यात एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या चालत आलेली होती. तिला ते संस्कार म्हणत आणि बाकीचे भीड म्हणत. आपल्यापायी दुसऱ्याला तोशीस पडता कामा नये. कुणी चहा विचारला तर आत्ताच झाला म्हणायचं, रिक्षावाला गल्लीत येतो म्हणाला तरी नाक्यावर उतरायचं. या संस्काराला धरून मुकुंदरावांनी ठरवलं की कंपनीची तोशीस आपणच कमी करायची. अख्ख्या नीलसरोवराने किरकोळ वस्तू मागवणं थांबवलं तर तेवढ्या फेऱ्या वाचतील, श्रीरंगचा खर्च घटेल आणि पाहणीला येणारे साहेब त्याची पाठ थोपटतील. मुलाला कळणारही नाही.

मुकुंदराव सोसायटीचे सचिव होते. सचिव निवडायच्या सभेत बाकीच्यांनी वेळेवर खाली पाहिलं आणि यांना जरा उशीर झाला, एवढीच त्यांची पात्रता. पण टँकरच्या पाण्याची पाळी ते लावत, आणि त्या उन्हाळ्यात पाळी लावणाऱ्या माणसाला नाही म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती. टँकरच्या दिवशी सगळी सोसायटी बादल्या, ड्रम आणि पाइप घेऊन खाली उतरे. मुकुंदरावांनी तीच वेळ साधली आणि ड्रमावर हात ठेवून भाषण केलं. पाणी जपतो तसं पार्सलही जपलं पाहिजे, असा त्याचा मथितार्थ होता. लोकांनी माना डोलावल्या. त्यांचं लक्ष पाइपकडे होतं.

संध्याकाळी मुकुंदरावांनी सोसायटीच्या ग्रुपवर संदेश टाकला. त्यांचे सगळे संदेश कार्यालयीन असत. "स. न. वि. वि. सर्व सभासदांस कळविण्यात येते की किरकोळ वस्तू मोबाइलवरून मागविण्याचे शक्यतो टाळावे. फुकट घरपोच सेवेचा भार अंतिमतः कोणावर तरी पडत असतो, याची नोंद घ्यावी. आपला नम्र, सचिव."

आणि ते समाधानाने जेवायला बसले.

आता यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण संदेश एकदा घरातून निघाला की तो आपला राहत नाही. शेजारच्या सोसायटीत तो पोचला तेव्हा त्यातलं 'स. न. वि. वि.' गळालं होतं आणि 'सावधान' आलं होतं. विमानतळाच्या बाजूला पोचेपर्यंत भार बँकेच्या खात्यावर पडू लागला होता. बीड बायपासला वळसा घालून, गावातून फिरून, तो वैजापूरला मुकुंदरावांच्या मावसभावाकडे गेला आणि तिथून थेट मुकुंदरावांच्या मोबाइलवर परत आला: "सावधान!!! फुकट पार्सल हातात घेताच खाते रिकामे. चिकलठाणा भागात निवृत्त अधिकारी रस्त्यावर. कृपया सर्वांना पाठवा." खाली मावसभावाने स्वतः लिहिलं होतं, "मुकुंदा, तू बरा आहेस ना?"

मुकुंदराव नखशिखान्त हादरले. आपल्याच भागातला निवृत्त अधिकारी! कोण असेल बिचारा? वॉशर त्यांनी स्वतः हातात घेतला होता, तळहातावर घेऊन चांगला उलटसुलट केला होता. चप्पल पायात सरकवून ते पासबुक घेऊन बँकेत धावले. बँकेत रांग दारापर्यंत आलेली. प्रत्येकाच्या हातात पासबुक आणि चेहऱ्यावर मुकुंदरावांचीच धास्ती. खिडकीपलीकडच्या बाईंनी त्यांचं पासबुक छापून परत दिलं आणि म्हणाल्या, "सगळं जागेवर आहे, काका. सकाळपासून हेच चाललंय. कुणी तरी मूर्खाने काहीतरी पाठवून दिलंय."

"कमाल आहे लोकांची," मुकुंदराव म्हणाले. घरी येताना अर्ध्या वाटेवर त्यांना तो 'निवृत्त अधिकारी' कोण आणि मूर्ख कोण, हे दोन्ही एकदमच उमगलं. ते रस्त्याच्या कडेला एका बंद पानटपरीच्या सावलीत थोडा वेळ नुसते उभे राहिले.

त्यानंतर बेल वाजायची थांबली. मुकुंदरावांना आधी बरं वाटलं. मग एका दुपारी ती वाजली. मोनिका दारात उभी होती. हात रिकामे.

"काका, तुमचं माझं काय वाकडं हाय?"

"अगं, माझं? काही नाही."

"मंग तसला संदेश टाकून पोटावर पाय कामून देऊ लागलात? मला पार्सलामागं पैशे मिळतेत. स्कूटी तीच, पेट्रोल तेच, ऊन तेच. आन् थैलीत दोन पार्सलं! लोकं दार उघडीनात. एक आजी तर मला बघून देवघरात जाऊन बसली. म्या काय चेटकीण हाय का?"

"पाणी घे," अनसूयाबाई आतून म्हणाल्या.

मोनिकाने पाणी घेतलं, पण राग काही गिळला नाही. "आन् आता श्रीरंग साहेबांलाबी पुण्याला धाडणार म्हणं. पाहणी जूनपहिलेच व्हणार हाय. शेडमधी सगळे तेच बोलू लागलेत." एवढं बोलून ती जिना उतरून गेली.

मुकुंदराव दार लावायचं विसरून तिथेच उभे राहिले. अनसूयाबाईंनी तांब्या उचलला आणि नवऱ्याकडे एकदा पाहिलं. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी हे पाहणं फार कमी वेळा वापरलं होतं, त्यामुळे त्याची धार शाबूत होती.

त्या दिवशी जेवताना श्रीरंगचं लक्ष नव्हतं. पोळीचा तुकडा मोडून तो तसाच ताटात ठेवत होता.

"काय झालं रे?" मुकुंदरावांचा आवाज नको तितका बारीक आला.

"काही नाही. चिकलठाण्याच्या पट्ट्यात ऑर्डरीच बंद झाल्यात. कुणी तरी अफवा उठवलीय. गाडी रिकामी पळते."

"पण मग खर्च कमी झाला असेल ना? बारक्या वस्तू बंद झाल्या म्हणजे..."

"खर्च कसा कमी होईल, बाबा?" श्रीरंगने मान वर केली. "तुम्ही एसटीतले ना? तुमची लासूर स्टेशनची गाडी घ्या. मधल्या फाट्यावर एक म्हातारी चढायची. तिच्या तिकिटात डिझेल सुटायचं का? नाही. पण गाडी जाणारच होती, आणि गाडीत बाकीचे बसलेले होते. आमचंही तेच. एका गल्लीत आईचा वॉशर असतो, शेजारी कुणाचा मिक्सर असतो, वरच्या मजल्यावर कुणाचे बूट. मिक्सर आणि बूट गाडीभाडं काढतात, वॉशर त्यांच्या मांडीवर बसून येतो. थोडं वस्तूच्या किमतीतच धरलेलं असतं, थोडं आम्ही विकणाऱ्याकडून घेतो. आणि फुकट मिळतंय म्हणून आज वॉशर मागवणारा माणूस दिवाळीला फ्रिज मागवतो. हे सगळं कधी जमतं? गाडी भरलेली असली तर. एकेका गल्लीत घरटी पार्सल असलं तर. आता अख्ख्या पट्ट्यात दोन पार्सलांसाठी गाडी फिरवतो मी. पाहणीला पुण्याहून आमचे देवेश सर परवाच येतायत."

गाडीचा भार वाचवायचा म्हणून मुकुंदरावांनी म्हातारीला उतरवलं होतं आणि तिच्यामागोमाग अख्खी गाडी उतरली होती. वाहतूक शाखेतल्या माणसाने! अनसूयाबाईंनी त्यांच्या ताटात न मागता आमटी वाढली. डाव जरा जोरात आपटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुंजारामांना गाठून आडून आडून सुचवलं की एखादी छोटीशी वस्तू मागवायला तशी हरकत नाही. पुंजाराम दोन पावलं मागे सरले. "साहेब, परवा तर तुम्हीच बोलले! तुमच्यावर कुणाचा दबाव हाय का? आसंल तर सांगा, आपून पाहून घेऊ."

मुकुंदराव वर आले, दार लावलं, चष्मा पुसला आणि मोबाइल उघडला. लोक मागवत नसतील तर त्यांच्या वतीने आपण मागवायचं! प्रत्येक फ्लॅटच्या नावाने एकेक वस्तू. पार्सलं आली की आपण खाली उभं राहायचं, सगळी ताब्यात घ्यायची आणि गुपचूप गच्चीवर नेऊन ठेवायची. बेत तसा चांगला होता. वस्तू कोणती याला महत्त्व नव्हतं, म्हणून त्यांनी सर्वांत स्वस्त ते निवडलं. कंगवा, नाडी ओवायची सळई, चहाची गाळणी. पुंजारामांच्या नावावर कानातले केस कापायची कात्री गेली.

शेवटी मोबाइलने विचारलं, पैसे कसे देणार? कार्डाचा नंबर? मुकुंदरावांनी मोबाइल हातभर लांब धरला. मोबाइलला कार्डाचा नंबर! रस्त्यावर आलेला तो निवृत्त अधिकारी त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. तो आपणच रचलेला आहे हे माहीत असूनही उभा राहिला. त्यांनी झटकन दुसरा पर्याय दाबला: वस्तू मिळाल्यावर, घरी रोख. ऑर्डरींचा आकडा साहेबांना लगेच दिसेल आणि पार्सलाला चार-पाच दिवस लागतील, असा त्यांनी एसटीच्या हिशेबाने अंदाज बांधला आणि ते पेंगले.

पार्सलं दुसऱ्याच दिवशी आली. नेमका टँकरचा दिवस. मुकुंदराव आंघोळीला गेले होते. म्हणजे एका तांब्यात पंचा भिजवून अंग पुसत होते. तेवढ्यात खालून गलका ऐकू आला. ते सदऱ्याची बटणं लावत धावत उतरले आणि शेवटच्या पायरीवरच थांबले.

टाकीजवळ पार्सलांचा ढीग होता. त्याच्याभोवती, बऱ्यापैकी अंतर राखून, सगळी सोसायटी बादल्या घेऊन उभी होती. मधोमध मोनिका उभी, रडकुंडीला आलेली.

"म्या काय करू? नाव तुमचंच हाय, नंबर तुमचाच हाय. पैशे द्या आन् घ्या!"

"मागवलंच नाय तं पैशे कशाचे?" पुंजाराम गरजले. "लोकहो, हेच ते! संदेशात सांगितलं होतं का नाय? कुणीच हात लावू नका!" मग त्यांनी कुणाच्या तरी पाइपने आपलं पाकीट जवळ ओढलं आणि वरची चिठ्ठी वाचली. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी हळूच कानाला हात लावला. "कानातल्या केसांची कात्री... माझ्या कानात केस हाय हे ह्याह्यला कसं कळलं? म्हंजी बघतेत! ते आपल्याला बघतेत!"

बायकांनी लेकरं मागे ओढली. कुणी तरी मोबाइलचा कॅमेरा हाताने झाकला. पुंजारामांनी फोन काढला. "थांबा. पोलिसांलाच बोलावतो."

त्याच क्षणी फाटकातून मोटार आत आली. तिच्यातून श्रीरंग उतरला आणि त्याच्यामागून काळा चष्मा लावलेले देवेश साहेब. पट्ट्यातल्या ऑर्डरी का पडल्या ते जागेवर जाऊन पाहू, असं साहेब म्हणाले होते, आणि श्रीरंग बिचारा त्यांना आपल्याच घराकडे घेऊन आला होता.

मुकुंदराव आयुष्यभर पुष्कळ गोष्टींना घाबरले होते, पण त्या आजवर एकेकट्या येत. आज सगळ्या एकत्र आल्या होत्या. एका बाजूला पोलीस, एका बाजूला साहेब, समोर शेजारी, आणि या सगळ्यांच्या मधोमध श्रीरंगचा चेहरा. पळायचं तर कोणत्या दिशेला, हेच ठरेना. पुंजारामांचं बोट फोनवर टेकलं.

"थांबा," मुकुंदराव म्हणाले. आवाज फुटला नाही म्हणून परत म्हणाले, "थांबा! मी मागवलंय. सगळं मी मागवलंय. तो पहिला संदेशही माझाच होता, साधा होता, पुढे लोकांनी त्याचं काय केलं ते केलं. मला वाटलं, फुकट पोचवून कंपनी बुडेल. मग कळलं की मीच बुडवली. म्हणून मग..." ते श्रीरंगकडे बघेनात. जमिनीकडे बघत राहिले. "पोरगं किती वर्षांनी घरी आलं. परत जाईल म्हणून भीती वाटली. दुसरं काही नाही."

मुकुंदरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. सदऱ्याची बटणं खालीवर लागलीत हेही त्यांच्या त्याच वेळी ध्यानात आलं.

द्वारकाबाई पुढे झाल्या. त्यांनी कमरेची पिशवी सोडली, मोनिकाच्या हातात पैसे ठेवले आणि त्यांच्या दुसऱ्या फ्लॅटच्या नावाने आलेली गाळणी उचलली. "मपला लेक दुबईला जाऊन लई वर्सं झाले," त्या म्हणाल्या. "असं केल्यानं त्यो घरी राहील, असं मला कुणी सांगितलं असतं ना भाऊ, तर म्या रोज फ्रिज मागवला असता." त्यांनी गाळणी पदराने पुसली आणि त्या घरात निघून गेल्या.

मग एकेक जण पुढे आला. कंगवे गेले, सळया गेल्या. मुकुंदराव "मी देतो पैसे, मी देतो" म्हणत पाकीट घेऊन मागे धावत होते, पण त्यांच्याकडे कुणी लक्ष देईना. सर्वांत शेवटी पुंजाराम आले. "बघू तरी कशी चालती," असं पुटपुटत त्यांनी कात्री खिशात टाकली.

देवेश साहेब इतका वेळ बाजूला उभे राहून पाहत होते. त्यांनी काळा चष्मा काढला. "श्रीरंग, ही सगळी मंडळी टँकरच्या दिवशी अशीच खाली असतात?"

"हो, सर. पाणी सोडून कुठे जाणार?"

"सगळ्या सोसायट्यांमध्ये?"

"या पट्ट्यात तरी सगळीकडे."

"म्हणजे जिना नाही, कुलूप नाही, फोन नाही. एका थांब्यावर अख्खी इमारत!" साहेबांचे डोळे चमकले. "पार्सल टँकरच्या दिवशीच आणा. याहून स्वस्त पोचवणं मी पाहिलेलं नाही." मुकुंदरावांकडे वळून ते म्हणाले, "काका, तुम्ही काय केलंत ते तुम्हालाही कळलेलं नाही." मुकुंदरावांनी, रागावले असतील असं समजून, हात जोडले.

तसं सुरू झालं. टँकरमागोमाग मोनिका येऊ लागली. लोकांची धास्ती गेली, कारण पार्सल घेताना शेजारी पाच जण बादल्या घेऊन उभे असत आणि कुणाचंही खातं रिकामं होताना दिसत नसे. हब टिकलं. जालन्याला जोडायचा विषय निघाला नाही. मुकुंदराव पुन्हा जेवताना मोठ्याने बोलू लागले.

एके दिवशी श्रीरंग लवकर घरी आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "देवेश सरांचा फोन होता. नाशिकचं हब देतायत. इथल्यापेक्षा कितीतरी मोठं. ही टँकरची कल्पना त्यांना फार आवडलीय. म्हणतात, असा माणूस चिकलठाण्यात कशाला ठेवायचा."

मुकुंदरावांनी कप खाली ठेवला. अनसूयाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या.

"मी नाही म्हणून सांगितलं," श्रीरंग म्हणाला. "इथेच बरं आहे."

एक क्षण, अगदी एकच क्षण, मुकुंदरावांना इतका आनंद झाला की त्यांना काही दिसेना. मग त्यांनी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो बशीतल्या चहावर फुंकर घालत होता, चहा केव्हाच गार झालेला असताना. आणि मुकुंदरावांना आजवरच्या सगळ्या भीतींपेक्षा मोठी भीती वाटली.

"नाही का म्हणालास?"

"असंच."

"त्या दिवशी मी खाली जे बोललो, त्यामुळे?"

श्रीरंगने बशी खाली ठेवली.

"असं पुन्हा विचारतात का रे ते?"

"नाही विचारत. पण ठीक आहे, बाबा."

"फोन लाव," मुकुंदराव म्हणाले. "लाव फोन. जातो म्हण. आत्ताच्या आत्ता लाव, नंतर माझा धीर राहणार नाही."

श्रीरंगने आईकडे पाहिलं. अनसूयाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि मान हलवली. श्रीरंग फोन घेऊन गॅलरीत गेला. काचेपलीकडे तो बोलताना दिसत होता, पण ऐकू येत नव्हतं. मग तो परत येऊन बसला.

"नाशकात पाणी किती दिवसांनी येतं रे?" मुकुंदरावांनी विचारलं.

"रोज येतं, बाबा."

"रोज येतं," ते अनसूयाबाईंना म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी माळ्यावरची श्रीरंगची बॅग काढायला स्टूल घेतलं.